मिठातला बर्फ

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडला लागून, सायकल दुरुस्तीच्या टपरीपलीकडे, जलालुद्दीनभाईंची बर्फाची पेटी आहे. सागाच्या फळ्यांची, आतून पत्रा ठोकलेली, एक माणूस आडवा झोपेल एवढी मोठी. आत बर्फाच्या लाद्या, लाद्यांवर लाकडाचा भुसा, भुशावर गोणपाट. बाजूला सोड्याच्या बाटल्या, तीन रंगांचं सरबत, बर्फ किसायचा रंधा आणि उन्हाळ्यात लाल फडक्यात गुंडाळलेला कुल्फीचा हंडा. मे महिन्यात आमच्या गावाचा पारा शेहेचाळीसच्या वर जातो, टीव्हीवर गावाचं नाव येतं आणि आम्हांला उगाचच अभिमान वाटतो. अशा गावात बर्फवाल्याची पत काय असेल ते वेगळं सांगायला नको.

मी इथल्या डायलिसिस सेंटरमध्ये नर्स आहे. माझं नाव नीला, पण पेशंटांमध्ये मी ‘रागीट सिस्टर’ म्हणून प्रसिद्ध, आणि त्यात काही खोटं नाही. कुणी पाणी जास्त प्यायलं, कुणी केळं खाल्लं, कुणी वार चुकवला, की माझा आवाज रस्त्यावरच्या पानठेल्यापर्यंत जातो. माझ्या धाकामुळेच ही माणसं जगतात असं मला वाटायचं. जलालभाईंची गोष्ट सांगायची तर माझ्या या आवाजाची गोष्टही सांगावी लागते, त्याला इलाज नाही.

जलालभाई साठीचे. अंगात बनियन, खाली चौकड्यांची लुंगी, बोटांची टोकं कायम पांढरट आणि सुरकुतलेली. चाळीस वर्षं बर्फात हात घालून त्यांच्या तळव्यांना म्हणे थंडीचं माप कळायला लागलं होतं. लादी हातात घेतली की ती कारखान्यातून किती वाजता निघाली ते सांगायचे. बोलणं इतकं हळू की गिऱ्हाईकाला पुढे वाकावं लागे. मी एकदा त्यांना म्हटलं, “भाई, तुमचा आवाज पण बर्फात ठेवता का?” तर म्हणाले, “बर्फापाशी मोठ्यानं बोललं तं तो लवकर वितळते, सिस्टर.” मला हे खरं वाटलं होतं. दोन दिवसांनी कळलं की ते थट्टा करत होते.

त्यांच्या पेटीत फक्त सोड्याचा बर्फ नसायचा. कुणाची साखरेच्या आजाराची इन्शुलिनची बाटली, कुणाच्या बैलाची लस, कुणाच्या लग्नातल्या वेण्या, असं सगळं तिथं असायचं. कुरखेडा, वडसा, नागभीड कुठूनही माणूस बसने उतरला आणि त्याच्याजवळ नासणारी वस्तू असली, की तो ती जलालभाईंच्या हवाली करून बाजाराला जायचा. ते त्याचे पैसे घेत नसत. मयतासाठी बर्फही त्यांच्याकडूनच जायचा. मुलगा हैदराबादहून यायचा आहे, मुलगी पुण्याहून निघाली आहे, तोवर देह ठेवायचा, अशा वेळी जलालभाई स्वतः दोन लाद्या टेम्पोत घालून जायचे आणि देहाखाली आपल्या हाताने लावून द्यायचे. मयताच्या लाद्यांसाठी पेटीत डाव्या हाताचा कप्पा वेगळा ठेवलेला. त्याला दुसऱ्या कशाचा स्पर्श होऊ देत नसत.

गुणाबाई त्यांच्याकडे आली ती रक्ताच्या सुईमुळे.

गुणाबाई कुरखेड्याच्या पुढे सात किलोमीटर आतल्या गावची. वय बेचाळीस, दोन्ही मूत्रपिंडं निकामी. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या बसने यायची, मशीनवर चार तास पडायची आणि दुपारच्या बसने परत जायची. धानाच्या कामातली बाई, रोवणीला उभी राहिली की दोन माणसांचं काम करायची असं तिचा नवरा हेमराज सांगायचा. आता तिला सेंटरच्या चार पायऱ्या चढताना दम लागायचा, कारण अंगात रक्तच नव्हतं.

लोकांना वाटतं मूत्रपिंडाचं काम फक्त लघवी तयार करायचं. मी पेशंटांना त्यांच्याच भाषेत समजावते. आपल्या हाडांच्या आत मगज असतो, तिथं रक्ताचं बियाणं असतं. त्याला मूळ पेशी म्हणतात. त्या एका बियाण्यातून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, सगळं रक्त उगवतं. पण बियाणं आहे म्हणून पीक येत नाही. वाफ्यातले पऱ्हे, म्हणजे भाताची कोवळी रोपं, वर यायची तर पाणी सोडावं लागतं. अंगात प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंड एक संप्रेरक रक्तात सोडतं. ते मगजात पोचतं आणि तांबड्या पेशी व्हायला निघालेल्या कोवळ्या पेशींना जगवतं, वाढवतं. ते पोचलं नाही तर त्या कोवळ्या पेशी रोज हजारांनी, लाखांनी जागच्या जागी मरतात. मूत्रपिंड गेलं की पाणी सोडणाराच गेला. मग तेच संप्रेरक बाहेर तयार करून सुईने टोचावं लागतं. डॉक्टर त्याला एरिथ्रोपोएटिन म्हणतात. आमचे पेशंट त्याला रक्ताची सुई म्हणतात, आणि मलाही तेच नाव बरं वाटतं.

ही सुई भरलेलीच मिळते, काचेची, करंगळीएवढी. ती थंड ठेवावी लागते. गुणाबाईच्या घरी फ्रीज नव्हता, आणि असता तरी तिथली लाइट दिवसातून किती वेळा जाते ते मला माहीत आहे. आमच्या सेंटरमध्ये फ्रीज होता. पण त्याच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. ‘पेशंटची औषधे येथे ठेवली जाणार नाहीत.’ अक्षर माझं. एकदा दोन पेशंटांच्या सुयांची अदलाबदल होऊन भांडण झालं होतं, तेव्हा मी रागाच्या भरात तो लावला होता. तो काढायचं मला कधी सुचलं नाही.

म्हणून गुणाबाई महिन्याच्या सुयांचा डबा जलालभाईंकडे ठेवायची. बसमधून उतरली की आधी त्यांच्याकडे. “भाऊ, आली जी मी.” ते पेटी उघडून एक सुई काढून द्यायचे. ती घेऊन पंधरा मिनिटं चालत सेंटरला यायची. दुपारी परत गेली की पेटीशेजारच्या बाकावर बसून राहायची. डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून प्यावं लागतं, तहानेने जीव कासावीस होतो. जलालभाई तिला चिंचोक्याएवढा बर्फाचा तुकडा द्यायचे. तो ती जिभेखाली धरून बस येईपर्यंत पुरवायची. दोघं फारसं बोलत नसत. एक कमी बोलणारा आणि एक तोंडात बर्फ धरलेली, बोलणार तरी काय?

हिवाळाभर तिचं रक्त छान वाढलं. हिमोग्लोबिन सातावरून दहावर आलं. पायऱ्या चढताना थांबायची ती थांबेनाशी झाली. संक्रांतीला माझ्यासाठी तिळाचे लाडू घेऊन आली, आणि मी तिला “स्वतः किती खाल्लेस?” म्हणून झापलं.

मार्चच्या शेवटी तिला ताप येऊन गेला आणि आकडा थोडा खाली आला, साडेनऊ. तापात असं होतं. हे मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी माझं डोकं फिरलेलं होतं. कशावरून ते आता आठवतही नाही. हॉलमध्ये सात पेशंट पडलेले. सगळ्यांच्या समोर मी तिला म्हटलं, “सुई नीट थंड ठेवत नाहीस तू. उन्हात हिंडवत आणतेस. गरम झाली की औषध मेलं समज. थंड पाहिजे, एकदम थंड! पुन्हा आकडा खाली आला तर मी टोचणार नाही.”

तिने मान हलवली. “हाव जी सिस्टरबाई.”

पुढचे तीन महिने मी जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगते. आकडा खाली खाली येत गेला. नऊ, आठ, साडेसात. डॉक्टरांनी डोस वाढवला. लोह दिलं. जंतुसंसर्ग शोधला, रक्तस्राव शोधला, काही सापडलं नाही. दोनदा रक्ताच्या पिशव्या चढवल्या. दहा दिवस चेहऱ्यावर रंग यायचा आणि पुन्हा राखेसारखा व्हायचा. त्यातच ती उशिरा यायला लागली, दर वेळी पंधरावीस मिनिटं. बस वेळेवर येत होती, ते मला इतर पेशंटांकडून कळायचं. मी त्यावरूनही बोलले. ती पदराखालून सुई काढून द्यायची. तिचा उजवा हात ओला आणि गारढोण असायचा, बोटं निळसर. रक्त कमी असलं की हात थंड पडतात. मी कागदावर तसं लिहिलंसुद्धा, ‘हात थंड, रक्ताभिसरण कमी.’ तीन वेळा लिहिलं आहे. तो कागद अजून फायलीत आहे.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका सोमवारी, घरी चुलीपुढे बसलेली असताना ती कलंडली. डॉक्टर म्हणाले, रक्त इतकं पातळ झालं की हृदय ओढून ओढून थकलं. तिची मुलगी दिव्यानी हैदराबादला कामाला. ती येईपर्यंत देह ठेवायचा होता. निरोप बसस्टँडवर आला तेव्हा जलालभाईंनी पेटीचा डावा कप्पा उघडला, दोन लाद्या जीपमध्ये घातल्या आणि कुरखेड्याच्या पुढे गेले. तिच्याखाली बर्फ त्यांनीच लावला.

पंधरवड्याने एका सकाळी ते सेंटरला आले. पेटी सोडून मी त्यांना कधी इतकं दूर आलेलं पाहिलं नव्हतं. हातात स्टीलचा डबा.

“गुणाबाईच्या दोन सुया राह्यल्या, सिस्टर. कोण्या गरिबाले लागन. बेकार कायले जाऊ द्याच्या?”

मी डबा उघडला. आत बर्फाचा चुरा आणि त्यात जाड्या मिठाचे खडे. सुई काढून उजेडात धरली. काचेच्या आत औषध नव्हतंच, पांढरा दगड होता. उलटी केली तरी हलेना.

“हे गोठलंय,” मी म्हटलं.

“मंग! एकदम पक्कं.” त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदा फुशारकी पाहिली. “गुणाबाई म्हणे, सिस्टर रागावली, अजून थंड पायजे म्हणते. साध्या बर्फात किती थंड होईन? म्हणून मी कुल्फीच्या हंड्यात ठेवली. बर्फात मीठ टाकलं का त्याची थंडी दुप्पट होते. ऊन एवढं, पण एक दिवस बी वितळू नाई देल्ली.”

हे ज्ञान बर्फवाल्याचंच. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झालीच नसती. साध्या बर्फाच्या पेटीत सुई थंड राहते, हिवाळाभर राहिली होती. मीठ पडलं की बर्फ शून्याच्या पुष्कळ खाली जातो. रक्ताची सुई म्हणजे पाणी नव्हे. ते प्रथिन आहे, लांब साखळी विशिष्ट तऱ्हेने घडी घालून ठेवलेली. त्या घडीमुळेच ते मगजातल्या कोवळ्या पेशीवर बरोबर जाऊन बसतं. गोठलं की घडी मोडते. पुन्हा वितळवलं तर दिसायला पूर्वीसारखंच स्वच्छ दिसतं, पण पेशी त्याला ओळखत नाही. तीन महिने मी गुणाबाईच्या दंडात मेलेलं औषध टोचत होते.

हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात जुळलं, आणि तोंडातून निघालं ते हे: “मारलंत तुम्ही तिला, जलालभाई.”

ते समजले नाहीत. मग मी समजावलं. पूर्ण समजावलं, एकही शब्द गाळला नाही. मी ‘एकदम थंड’ म्हटलं होतं, ‘गोठवा’ म्हटलं नव्हतं, हेही ठासून सांगितलं. आपली बाजू सांगायला माणसाला किती शब्द सुचतात! ते ऐकत उभे होते. शेवटी त्यांनी डबा बंद केला, दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि गेले. सुया मी ठेवून घ्यायला हव्या होत्या. ते माझ्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर महिनाभर मी बसस्टँडच्या बाजूला गेले नाही. मग एक दिवस त्यांची बायको जरीनाबी सेंटरला आली. शिवणकाम करणारी, ठसक्याची बाई. खुर्चीवर बस म्हटलं तर बसली नाही.

“सिस्टर, तुम्ही त्यांना काय बोलल्या?”

मी हातातली फाइल बाजूला ठेवली.

“कुल्फी बंद केली. हंडा विहिरीत टाकून आले. घरात जेवणात मीठ नको म्हणतात, वरण अळणी खातात. मी म्हणलं चलो, उमर झाली. पण आता मंगळवारी अन् शुक्रवारी कुरखेड्याची गाडी आली का उठून उभे राहतात. गिऱ्हाईक समोर असू दे, सोडून देतात. पेटी उघडतात अन् हात आत घालून तसेच राहतात, बोटं निळी होईपर्यंत. विचारलं तं म्हणतात, आवाज आला. ‘भाऊ, आली जी मी.’ दिवसाढवळ्या, सिस्टर! भरल्या स्टँडवर!” तिने समोरची खुर्ची हाताने बाजूला सारली. “मी बाकावर बसले तं हात धरून उठवलं मले. म्हणे, तिची जागा आहे.”

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी गेले. पावसाची उघडीप, भर ऊन, स्टँडवर नेहमीचा गोंधळ, ब्रह्मपुरीच्या कॉलेजची पोरं, शेअर जीपवाल्यांची ओरड. जलालभाई पेटीमागे बसले होते, बाकावर छत्री बांधलेली होती आणि सावलीत कुणीच बसलेलं नव्हतं. मला पाहून त्यांनी हलकी मान हलवली. तेवढ्यात कुरखेड्याची बस वळली. ते उठले. गोणपाट बाजूला केलं, हात भुशात घातला आणि मान किंचित तिरकी करून ऐकू लागले. मला काही ऐकू आलं नाही. पण खोटं कशाला बोलू, मीही त्या बाकाकडे पाहायचं टाळलं.

त्यांनी पेटीतून काही काढलं. त्या दोन सुया. प्लास्टिकमध्ये, कोरड्या फडक्यात गुंडाळलेल्या.

“साध्या बर्फात ठेवल्या आता,” ते म्हणाले. “वितळल्या. दिसाले बरोबर दिसते ना, सिस्टर? पण मेलेल्या हायेत.”

“फेकून द्या, भाई.”

“कशी फेकू? तिच्या हायेत.” मग फडकं पुन्हा गुंडाळत म्हणाले, “मी तिच्याखाली बर्फ लावला, तवा हेमराज माह्या पाया पडला. म्हणे, तुमी आमच्यासाठी लय केलं. मी पडू देल्लं त्याले पाया. मले मालूम नव्हतं ना. आता मालूम हाये. त्याले सांगाव लागन, सिस्टर. माह्यानं एकट्यानं बोलणं नाई होणार. तुमी चालता का?”

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मी उपकार करायच्या भावनेनेच हो म्हटलं होतं. आपण एका अपराधी माणसाला आधार देतोय, असं काहीतरी.

रविवारी आम्ही गेलो. वैनगंगेचा पूल ओलांडला, वडश्याला गाडी बदलली, कुरखेड्याहून जीप केली. दोन्हीकडे रोवणी झालेल्या भाताच्या बांध्या, हिरव्यागार. जलालभाई डबा मांडीवर घेऊन बसले होते. हेमराजच्या अंगणात मोहाच्या झाडाखाली खाट टाकलेली होती. त्याने आम्हांला खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसला. घरात दुसरं कुणी नव्हतं, दिव्यानी परत हैदराबादला गेली होती. त्याने आणलेलं पाणी जलालभाईंनी घेतलं नाही.

“आधी आयकून घे, भाऊ,” ते म्हणाले, आणि डबा जमिनीवर ठेवला. “गुणाबाईच्या सुया मी मिठातल्या बर्फात ठेवल्या. त्या गोठल्या. गोठली का सुई मरते, मले मालूम नव्हतं. रक्त माह्यामुळं नाई वाढलं तिचं. मी मारलं तिले. आता तुले जे कराचं ते कर.”

त्यांनी माझेच शब्द वापरले होते. महिनाभर त्यांनी ते तोंडात धरून ठेवले असणार.

हेमराजने जमिनीवरची एक काडी उचलली. ती मोडली, तिचे दोन तुकडे केले, चार केले.

“गोठे, हे मले मालूम होतं,” तो म्हणाला.

जलालभाईंनी मान वर केली.

“ती घरी येऊन सांगे ना. पयल्यांदा गोठली तवा ती तशीच घेऊन सिस्टरबाईच्या दरवाज्यापर्यंत गेल्ती. विचाराले, का अशी चालते का म्हणून. तं अंदर सिस्टरबाई कोणाले तरी झापून राह्यल्या होत्या.” तो माझ्याकडे न पाहता बोलत होता, आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसेना. “ती भेली. मागं फिरली. दवाखान्यासमोर ते पिंपळाचं झाड हाये ना, तिथी बसली अन् सुई मुठीत धरली. वितळतपर्यंत. मंग रोजचंच झालं. गाडीतून उतरली का सुई घे, झाडाखाली बस, मुठीत दाबून धर. हात बधिर होये म्हणे. रात्री घरी आली तरी बोटं आखडलेली राहत. मी शेकून देत होतो.”

“काऊन?” जलालभाईंनी विचारलं. “मले काऊन नाई सांगतलं? मी मीठ नसतं टाकलं, बाप्पा!”

“तुमाले कसं सांगन जी? तुमी फुकट ठेवता, एवढं जिवापाड करता. ती म्हणे, भाऊले म्हणलं का तुमचा बर्फ लय थंड हाये, तं त्याले वाईट वाटन. अन् सिस्टरबाईनं गोठलेली सुई पाह्यली तं थेट स्टँडवर जाऊन भाऊले चारचौघांत झापन. माह्यापायी त्याले बोलणे कायले?” त्याने काडीचे तुकडे फेकून दिले. “मी म्हणलो होतो, एक डाव सिस्टरबाईले विचारून तं पाय. तं म्हणे, विचाराचा धाक वाटते.”

अंगणात कोंबडी फिरत होती. कुणीतरी लांब बैलाला हाक मारत होतं. मी मांडीवरचा माझा उजवा हात पाहत बसले. या हाताच्या तळव्यावर तिने चोवीस वेळा सुई ठेवली होती. गार, ओल्या बोटांनी. प्रत्येक वेळी सुई पूर्ण वितळलेली असायची. अंगात उरलेली ऊब तिने त्या मेलेल्या औषधाला दिली होती, कारण ते गोठलेलं पाहून मी ओरडले असते. मी खरंच ओरडले असते. आणि त्या ओरडण्यात, पहिल्याच दिवशी, मला कळलं असतं. गोठलेली सुई एकदा, फक्त एकदा, माझ्या नजरेस पडली असती तर गुणाबाई आज रोवणीला उभी असती की नाही सांगता येत नाही, पण चुलीपुढे कलंडली नसती एवढं मी नर्स म्हणून सांगते.

हेमराजने त्या दोन सुया घेतल्या. घरामागे भाजीच्या वाफ्याशेजारी तिची राख थोडी पुरली होती, तिथं खड्डा करून ठेवल्या. निघताना तो पुन्हा जलालभाईंच्या पाया पडायला वाकला. या वेळी त्यांनी त्याला पडू दिलं नाही, वरच्यावर धरलं. माझ्याजवळ आला तेव्हा हात जोडले आणि “जेवून गेल्या असत्या तं बरं झालं असतं, सिस्टरबाई,” एवढंच म्हणाला.

परतीच्या बसमध्ये जलालभाईंनी मला खिडकी दिली. वडसा मागे पडलं, पूल आला. मी वाट पाहत होते. मी त्यांना जे म्हटलं होतं ते आता त्यांनी मला म्हणावं, म्हणजे सुटेन, असं मला वाटत होतं. त्यांना तो हक्क होता. पूल संपला तेव्हा ते नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, “सिस्टर, महिनाभर एकटा होतो जी मी. आता दोघं झालो.”

दुसऱ्या दिवशी मी फ्रीजवरचा कागद फाडला. खालचा कप्पा पेशंटांच्या सुयांसाठी मोकळा केला, आत थर्मामीटर लटकवला, प्रत्येकाच्या डब्यावर नाव लिहिलं. जलालभाई पेटीत अजूनही लोकांची औषधं ठेवतात, पण कोरड्या फडक्यात, लादीला लागू न देता, आणि देताना प्रत्येकाला विचारतात, “गोठली तं नाई ना? गोठली असन तं सिस्टरले दाखवा. ती काही म्हणत नाई आता.” जरीनाबी सांगते, जेवणात मीठ पुन्हा चालू झालं आहे, थोडं. कुरखेड्याच्या गाडीला मात्र ते अजून उठतात, आणि मंगळवारी मी सेंटरच्या खिडकीतून पिंपळाखाली पाहते. तिथं कुणी नसतं. मी तरी पाहते.

आता मी ओरडत नाही. रोज सकाळी हॉलमध्ये उभी राहून प्रत्येकाला हळू आवाजात सांगते, काही चुकलं असेल, काही वेगळं दिसलं असेल, तर मला सांगा, मी रागावणार नाही. सगळे माना हलवतात. म्हणतात, “नाई जी सिस्टरबाई, सगळं बरोबर हाये.” मग मी एकेकाजवळ जाते आणि त्यांच्या मुठी उघडून पाहते.